ज्याने उघडले, त्याने मिटावे

नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजार समितीने कागदी गेट पास बंद करायचे ठरवले आणि ते काम शहरातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कचेरीकडे आले. कचेरीत माणसे मोजकी. सगळ्यांत अनुभवी बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांच्या खालोखाल एक दादा, कामाचा उरक दांडगा. आणि त्याच वर्षी इंजिनिअरिंग संपवून आलेला एक मुलगा, घरचा कांदा पिकवणारा. ही गोष्ट या तिघांची आणि त्यांनी लिहिलेल्या सहा मॉड्यूलची.

काम सांगायला सोपे होते. शेतकरी ट्रॅक्टर किंवा पिकअप घेऊन फाटकाशी येतो, तिथे आवक नोंदते. वाहनांची रांग लागते, व्यापारी एकेका वाहनापुढे उभे राहून बोली लावतात, तो लिलाव. मग भुईकाट्यावर भरल्या गाडीचे वजन, माल उतरवल्यावर रिकाम्या गाडीचे वजन, दोहोंतला फरक म्हणजे मालाचा तोल. तोल आणि दर यांवरून हिशोबपट्टी तयार होते, पट्टीची रक्कम व्यापाऱ्याच्या खात्यावर चढते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. आवक, लिलाव, तोल, पट्टी, खाते, निरोप अशी सहा मॉड्यूल झाली. मालाचे पैसे त्याच दिवशी शेतकऱ्याच्या हाती पडावेत असा नियम आहे, त्यामुळे या सहांतले एकही भर दुपारी बंद पडून चालणार नव्हते.

सर्व्हर नोडवर लिहायचा हे ठरलेलेच होते. रायन डाल यांनी 2009 साली नोड जगापुढे मांडले ते नेमके अशा कामासाठी: एकाच वेळी पुष्कळ जणांशी बोलायचे, आणि डेटाबेसकडून उत्तर येईपर्यंत बाकीच्यांना खोळंबून ठेवायचे नाही. वर एक्स्प्रेस, खाली पोस्टग्रेस. आवक आणि लिलाव दादाकडे, तोल आणि निरोप मुलाकडे, पट्टी आणि खाते ताईंकडे अशी वाटणी झाली. दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये हात घालायचा नाही असेही ठरले. हा नियम चांगला होता. मॉड्यूल वेगळी ठेवायची ती ज्याची त्याला निवांतपणे लिहिता यावीत, वाचता यावीत, एक बदलताना दुसरे हलू नये म्हणूनच.

फक्त एक गोष्ट ठरवायची राहिली. सहाही मॉड्यूलना डेटाबेस लागणार होता. तो उघडायचा कोणी?

ठरले नव्हते, म्हणून ज्याने त्याने आपापला उघडला. पोस्टग्रेसशी बोलायला कनेक्शन लागते, आणि दर वेळी नवे उघडण्यात वेळ जातो. म्हणून नोडमधले पोस्टग्रेसचे नेहमीचे पॅकेज काही कनेक्शने उघडून हाताशी ठेवते, त्याला कनेक्शन पूल म्हणतात. आपण काही सांगितले नाही तर एका पूलमध्ये जास्तीत जास्त 10 कनेक्शने राहतात. लागतील तशी ती उघडतात, आणि 10 सेकंद रिकामी पडली की मिटतात. सहा फोल्डर, प्रत्येकात पूल उघडणाऱ्या त्याच चार ओळी, म्हणजे सहा पूल. ताईंच्या दोन मॉड्यूलमध्येही दोन.

हिवाळाभर काही बिघडले नाही. लाल कांद्याची आवक झाली, पट्ट्या निघाल्या, मेसेज गेले. एप्रिल लागला आणि उन्हाळ कांदा येऊ लागला. रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जायला लागली, तेव्हा दादाने आधीच खबरदारी घेतली: सर्व्हरवर ॲपची एक प्रोसेस चालत होती, तिथे दोन चालवल्या. एकीवर भार आला तर दुसरी आहे, हा विचार कोणालाही पटेल असा होता.

त्याच आठवड्यात ऐन लिलावाच्या वेळी ॲप अडकू लागले. फाटकावरची मुलगी आवक नोंदवते तर चूक दाखवली जाते. समितीतून फोन येईपर्यंत आणि दादा लॉग उघडेपर्यंत सारे सुरळीत चालू. लॉगमध्ये पोस्टग्रेसची एकच तक्रार: उरलेली कनेक्शने राखीव आहेत. मोजायला जावे तर कनेक्शने पंधरा-वीस. ताप आलेल्या पोराला डॉक्टरकडे न्यावे आणि दारात ताप उतरलेला असावा, असे दोन-तीनदा झाले.

शेवटी ताईंनी कागद घेतला. एका मॉड्यूलचा एक पूल, पूलमध्ये 10. सहा मॉड्यूलची 60. प्रोसेस दोन, म्हणजे 120. पोस्टग्रेस न सांगता 100 कनेक्शने देते, त्यातली 3 मुख्य व्यवस्थापकासाठी राखून ठेवते. उरली 97. एक प्रोसेस होती तोवर 60 पर्यंत जायची सोय होती, म्हणून हिवाळा निभावला. दुसरी आली आणि गर्दीच्या क्षणी हिशेब फुटला. गर्दी सरली की 10 सेकंदांत रिकामी कनेक्शने मिटत, म्हणून पाहायला गेले की काही दिसत नसे.

"ताई, शंभरचे तीनशे करतो मी. एका ओळीचं काम आहे," दादा म्हणाला.

"होईल. पण पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनमागे एक वेगळी प्रोसेस उभी करतं, तिला मेमरी लागते. आणि पुढच्या हंगामात तू तिसरी प्रोसेस लावशील तेव्हा परत हाच कागद काढायचा का? आपल्याला कनेक्शनं कमी पडली नाहीत रे दादा. आपण तिघांनी सहा विहिरी खणल्या."

एकच पूल सगळ्यांनी वापरायचा हे तिघांनाही पटले. तो सगळ्यांपर्यंत पोचवायचा कसा, यावर मात्र दुपारभर बोलणे चालले. मुलाने सुचवले, नोडमधल्या ग्लोबलमध्ये टाकू या, कुठूनही मिळेल. ताईंनी ते लगेच बाजूला सारले. ग्लोबलमध्ये कोणी काय कधी ठेवले हे वाचणाऱ्याला कुठेच दिसत नाही. ठेवायच्या आधी एखादे मॉड्यूल सुरू झाले तर त्याला रिकामे मिळते. आणि दोघांनी एकच नाव वापरले तर नंतरचा आधीच्याला पुसून टाकतो, तेही गुपचूप. दादाने एक्स्प्रेसची सोय सुचवली: ॲपच्या लोकल्समध्ये पूल ठेवला की येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टबरोबर तो हाताशी येतो. हे बरे होते. पण रोज रात्री दिवसभराचा गोषवारा काढणारा एक प्रोग्रॅम होता, त्याला कोणाची रिक्वेस्टच येत नसे. पूल मिळवायला त्याने अख्खा वेब सर्व्हर बोलवायचा का?

राहिला रिक्वायरचा मार्ग, आणि नोड लिहिणारे बहुतेक जण पहिल्यांदा तिथेच जातात. एक फाइल करायची, तिच्यात पूल उघडायचा आणि एक्सपोर्ट करायचा. एखादी फाइल पहिल्यांदा रिक्वायर केली की नोड ती चालवतो आणि जे मिळाले ते स्वतःच्या कॅशमध्ये ठेवतो. पुढे कोणीही तीच फाइल मागितली तर पुन्हा न चालवता तीच वस्तू हाती देतो. सहा मॉड्यूलनी सहा वेळा मागितली तरी पूल एक.

"एकच? नक्की?" मुलाने विचारले.

"एका प्रोसेसमध्ये एक," ताई म्हणाल्या. "दोन प्रोसेस म्हणजे दोन पूल, वीस कनेक्शनं. आणि कॅशमध्ये ओळख असते ती फाइलच्या पूर्ण पत्त्यानं. तुझ्या विंडोज लॅपटॉपवर एकानं फाइलचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं, दुसऱ्यानं लहान, तर फाइल तीच उघडते पण नोडच्या लेखी पत्ते दोन, म्हणजे पूलही दोन. सर्व्हरच्या लिनक्सवर तर ती फाइल सापडणारच नाही. पॅकेजचंही तसंच. नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या खोलवर दडल्या असतील, तर दोघी एकमेकींना ओळखत नाहीत."

बदल संध्याकाळपर्यंत झाला. दुसऱ्या दिवशी लिलावाच्या वेळी ताईंनी मोजले, वीसच्या वर काही गेले नाही. वाहने कितीही असोत, पूलमध्ये कनेक्शन मोकळे नसेल तर प्रश्न रांगेत थांबतो, क्षणभराने उत्तर मिळते. तिघेही निवांत झाले.

इथे मला जरा थांबावेसे वाटते. पुष्कळ प्रकल्प इथवर येतात आणि सामायिक वस्तूचा प्रश्न सुटला असे धरून पुढे जातात. वस्तू एक झाली, हे खरे. पण ती कोणाची, हे अजूनही कोणी ठरवले नव्हते.

तो रात्रीचा गोषवारा मुलाने लिहिला होता. स्वतंत्र प्रोग्रॅम, रात्री नऊला सुरू व्हायचा, दिवसाची एकूण आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर काढून समितीला पाठवायचा आणि संपायचा. शेवटच्या ओळीत तो पूल मिटवून टाकी. हे अगदी योग्य होते. कनेक्शन उघडे राहिले तर नोडचा प्रोग्रॅम काम संपले तरी संपत नाही, शिवाय उघडलेले मिटावे ही शिस्त त्याला कॉलेजातच लावलेली. दादाने नंतर तो प्रोग्रॅम ॲपच्याच आत आणला, वेळापत्रकाला जोडला आणि त्याच्या स्वतःच्या पूलच्या जागी सगळ्यांचा पूल दिला. हेही योग्य होते, तसेच ठरले होते. ती शेवटची ओळ मात्र राहिली.

रात्री नऊला गोषवारा निघाला, समितीला पोचला आणि जाता जाता सगळ्यांचा पूल मिटवून गेला. दोन्ही प्रोसेसमध्ये. रात्री ॲप कोणी वापरत नाही. पहाटे फाटक उघडले आणि पहिल्या ट्रॅक्टरपासून प्रत्येक नोंद फसू लागली: मिटवलेला पूल वापरता येत नाही. प्रोसेस जिवंत होत्या, म्हणून बंद पडलेली प्रोसेस आपोआप उठवणाऱ्या व्यवस्थेलाही यात काही वावगे दिसले नाही. फाटकावरच्या मुलीने शेवटी कपाटातले जुने कागदी पास काढले. ताईंचा फोन लागून दोन्ही प्रोसेस पुन्हा सुरू होईपर्यंत रांग हमरस्त्यावर गेली होती, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत कांदा भरून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तासाची किंमत विचारावी लागत नाही.

कचेरीत दोघांची जुंपली. "माझी ओळ बरोबर होती," मुलगा म्हणत होता. "उघडलं मी, मिटवलंही मी." "मीही ठरल्याप्रमाणंच बदललं," दादा म्हणत होता. "तू मिटवणार हे मला तुझ्या फाइलच्या तळाशी जाऊन शोधायचं होतं काय?"

ताईंनी दोघांचेही ऐकून घेतले. दोघेही खरे बोलत होते. मिटवण्याची ओळ लिहिली तेव्हा पूल त्याचा होता. पूल सगळ्यांचा झाला तेव्हा ती ओळ कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हती. रिक्वायरने वस्तू ज्याला हवी त्याला दिली, आणि देताना ती मिटवायचा अधिकारही प्रत्येकाला दिला. सहा मॉड्यूल आणि एक गोषवारा, सातही जणांच्या हाती दिवा मालवायचे बटण.

पूल मिटवण्याची ओळ त्या दिवशी काढली गेली, पण ताईंचे समाधान झाले नाही. एक ओळ काढली, दुसरी कोणीतरी लिहील. त्यांनी दोघांना सांगितले की हा हंगाम सरला की सगळी जोडणी नव्याने मांडू. हंगाम सरायची वाट पाहायला मात्र मिळाली नाही.

मुलाला त्या पहाटेची टोचणी लागून राहिली होती. पट्टीच्या मॉड्यूलला चाचण्या नाहीत हे त्याच्या लक्षात आले होते, म्हणून एका रात्री तो स्वतःहून चाचण्या लिहायला बसला. वजन शून्य आले तर पट्टीने काय करावे? त्याने पट्टीचे मॉड्यूल रिक्वायर केले, आपल्या लॅपटॉपवरच्या नमुना डेटाबेसमध्ये शून्य वजनाच्या काही नोंदी केल्या आणि चाचणी चालवली. पट्टीने शून्य वजन नाकारले नाही. तिने शून्य रुपयांच्या पट्ट्या काढल्या. चूक सापडली म्हणून तो खूश झाला आणि झोपला.

पट्टीच्या मॉड्यूलने आत निरोपचे मॉड्यूल रिक्वायर केले होते. निरोपचे मॉड्यूल लोड होताक्षणी सेटिंगची फाइल वाचून मेसेज पाठवणाऱ्या सेवेशी बांधले जाई. मागच्या आठवड्यात एक बिघाड शोधताना सर्व्हरवरची ती फाइल त्याच्या लॅपटॉपवर आली होती, खऱ्या किल्लीसकट. आणि नमुना डेटाबेस म्हणजे खऱ्या शेतकऱ्यांच्या यादीची नक्कल.

सकाळी बाजार समितीच्या कचेरीत एक म्हातारे शेतकरी मोबाइल हातात धरून उभे होते. आदल्या दिवशी त्यांनी दोन खेपा कांदा विकला होता. रात्री मेसेज आला: आपल्या मालाची हिशोबपट्टी, रक्कम रुपये 0. असे व्यावसायिक मेसेज पाठवायचे तर त्यांचा मसुदा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे मेसेज रोजच्यासारखाच, रोजच्याच नावाने आला होता. खोटा वाटावा असे त्यात काही नव्हते. तसे मेसेज आणखीही काही जणांना गेले होते, पण विचारायला आले ते एकटेच.

सचिवांचा फोन आला तेव्हा ताई मुलाला घेऊन स्वतः गेल्या. वाटेत त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. तिथे त्यांनी म्हाताऱ्यांना पट्टीची खरी प्रत काढून दाखवली, रक्कम जमा झाल्याची नोंद दाखवली आणि हात जोडले.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही," ते म्हणाले. ओरडले नाहीत. "तुम्ही म्हणता मशीन चुकलं. पण बाई, मला कसं कळावं कोणतं मशीन खरं बोलतंय?"

मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. परत येताना तो म्हणाला, "ताई, मी मेसेजला हातसुद्धा लावला नव्हता. मी फक्त पट्टीचं मॉड्यूल बोलावलं होतं."

"तेच तर," ताई म्हणाल्या. "तू एकाला बोलावलंस आणि त्याच्यामागून तिघं आले. पूल आला, मेसेजची सेवा आली, खरी किल्ली आली. दारात कोणी नाव सांगितलं का? पट्टीच्या फाइलमध्ये कुठं लिहिलंय की मला मेसेज पाठवणारा लागतो? मी लिहिलीय ती फाइल. पाचव्या ओळीत एक रिक्वायर आहे, आणि ते वाचून आत काय उघडतं ते कोणालाच कळत नाही."

माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यांत गंभीर घटना हीच आहे, पहाटेची रांगसुद्धा हिच्यापुढे लहान. कनेक्शने संपली तर ॲप अडते आणि आरडाओरडा होतो. लपलेली डिपेन्डन्सी आरडाओरडा करत नाही, आपले काम बिनबोभाट करते, आणि त्याचे परिणाम अशा माणसाला भोगावे लागतात ज्याला मॉड्यूल हा शब्दही ठाऊक नाही.

त्या दिवशी बाजार आवारातून निघण्यापूर्वी ताई भुईकाट्यापाशी थांबल्या. काट्याच्या खोलीत तोलाई करणारे नाना बसले होते. आवारातली प्रत्येक गाडी त्याच काट्यावर चढत होती. कोण्या व्यापाऱ्याचा वेगळा काटा नव्हता. सकाळी खोली उघडायची नानांनी, काटा शून्यावर आहे का ते बघायचे नानांनी, शेवटची गाडी उतरल्यावर बंद करायचे नानांनी. व्यापाऱ्याला वजनाची चिठ्ठी मिळे, किल्ली मिळत नसे. ताईंनी मुलाला काही समजावले नाही. त्यानेच वळून विचारले, "आपले नाना कोण, ताई?"

पुढचे काम हंगामातच सुरू झाले, रोज एक मॉड्यूल या गतीने. आधी निरोप आणि पट्टी.

मांडणी अशी झाली. कोणतेही मॉड्यूल यापुढे स्वतः काही उघडणार नाही आणि सेटिंगची फाइल वाचणार नाही. प्रत्येक मॉड्यूल एक फंक्शन एक्सपोर्ट करेल, आणि त्या फंक्शनला जे लागते ते कंसात नाव घेऊन मागेल. पट्टीने तीन गोष्टी मागितल्या: डेटाबेस, निरोप्या आणि घड्याळ. घड्याळ कशाला, असे दादाला वाटले होते. पण पट्टीवर बाजाराची तारीख पडते, आणि मध्यरात्रीच्या सुमाराची पट्टी कोणत्या दिवसाची हे तपासायचे तर चाचणीत वेळही आपल्या हाती हवी.

ॲप सुरू करणारी एकच फाइल राहिली, तिला ती तिघे नानांची खोली म्हणू लागली. सेटिंग फक्त तिथे वाचले जाते. पूल फक्त तिथे उघडतो, मेसेज सेवेचा क्लायंट फक्त तिथे तयार होतो. मग ती फाइल एकेक मॉड्यूल उभे करते आणि ज्याला जे हवे ते हाती देते. गोषवाऱ्यालाही तिथूनच मिळते, रिक्वेस्ट असो वा नसो. ॲप थांबवायची सूचना आली की आधी नव्या रिक्वेस्ट घेणे बंद, मग वेळापत्रक बंद, चालू कामे पुरी झाली की सगळ्यांत शेवटी पूल मिटतो, तोही त्याच फाइलमध्ये, उघडला त्याच्या खाली काही ओळींवर. वाचणाऱ्याला उघडणे आणि मिटणे एका नजरेत दिसते.

आणखी एक काळजी ताईंनी घेतली. मॉड्यूलना पूल जसाच्या तसा दिलाच नाही. दिली ती एक लहान वस्तू, जिला दोनच गोष्टी येतात: प्रश्न विचारणे, आणि व्यवहार पार पाडणे. व्यवहार वेगळा ठेवावा लागला, कारण पट्टी काढणे आणि खात्यावर रक्कम चढवणे ही दोन्ही एकाच कनेक्शनवरून झाली पाहिजेत; पूलला सुटे प्रश्न विचारले तर पहिला एका कनेक्शनवरून जाऊ शकतो, दुसरा दुसऱ्यावरून, आणि व्यवहाराला अर्थ राहत नाही. मिटवणे त्या वस्तूला येतच नाही. चुकून लिहायचे म्हटले तरी लिहिता येत नाही.

या पद्धतीला डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या 2004 मधल्या लेखाने हे नाव सगळीकडे पोचवले. नोडच्या जगात त्यासाठी तयार साधनेही आहेत. दादाने नेस्ट वापरू या असे सुचवले होते, आणि शेकडो भाग असलेल्या प्रकल्पात ते रास्तच ठरते. सहा मॉड्यूलना मात्र एक साधी फाइल पुरे, असे ताईंचे मत पडले, आणि मला ते पटते. साधन आणले की ते शिकावे लागते. फंक्शनला हाती वस्तू देणे सगळ्यांना येते.

दादाची कुरकूर काही दिवस चालली. "जे एका ओळीत मिळत होतं ते आता तीन ठिकाणी लिहावं लागतं," हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. लिहिणे वाढले. पण लिलावाचे मॉड्यूल बदलायला घेतले तेव्हा त्याच्या कंसात मागण्यांची संख्या सातवर गेली आणि तो स्वतःच थबकला. लिलाव बोली नोंदवत होता, व्यापाऱ्याची पत तपासत होता, फलकावर दर पाठवत होता, आणि वर लॉगही स्वतःच लिहीत होता. सात रिक्वायर सात ठिकाणी विखुरली होती तोवर हे दिसत नव्हते. त्याने त्याचे दोन भाग केले.

खाते आणि पट्टी यांचीही एक गाठ सापडली. पट्टी खात्याला रिक्वायर करत होती आणि खाते पट्टीला. अशा फेऱ्यात नोड थांबत नाही. जे अजून पूर्ण झालेले नाही ते मॉड्यूल अर्धवटच हाती देतो, आणि कधी फंक्शन आहे, कधी नाही असा खेळ होतो. सुरुवातीच्या फाइलमध्ये मात्र कोणाला आधी उभे करायचे हे लिहावेच लागते. पट्टी उभी करायला खाते हवे आणि खाते उभे करायला पट्टी, म्हटल्यावर ओळ पुढे सरकेना. दोघांनाही लागणारा रकमेचा हिशेब वेगळा काढला तेव्हा गाठ सुटली.

तो हिशेब मात्र कोणी कोणाच्या हाती दिला नाही, तो सरळ रिक्वायरच केला. ताईंनी हे आवर्जून सांगितले. वजन आणि दर दिला की रक्कम देणारे फंक्शन काही उघडत नाही, काही मिटवत नाही, बाहेर कोणाला काही कळवत नाही. ते कोणीही कुठूनही मागावे. ज्याला सुरुवात आणि शेवट आहे, ज्याच्यापाशी किल्ली आहे, ज्याचा बाहेरच्या जगाला स्पर्श होतो, ते हाती द्यायचे.

मुलाने ती शून्य वजनाची चाचणी पुन्हा लिहिली. या वेळी पट्टीच्या हाती त्याने खोटा निरोप्या दिला, जो मेसेज पाठवत नाही, फक्त एका यादीत ठेवतो. चाचणीत दोन गोष्टी तपासल्या जातात: शून्य वजनाची पट्टी नाकारली जाते, आणि यादी रिकामी राहते. किल्ली लागत नाही, डेटाबेस लागत नाही, क्षणात उत्तर मिळते. आता कोणीही कोणत्याही लॅपटॉपवर ती रात्री-अपरात्री चालवतो.

त्या हंगामाच्या शेवटी दोन्ही प्रोसेस मिळून कनेक्शने वीसच होती. सातवे मॉड्यूल, बारदान आणि हमालीच्या नोंदीचे, पुढच्या वर्षी मुलाने एकट्याने लिहिले. त्याच्या कंसात डेटाबेस आणि घड्याळ एवढेच आहे.

तुमच्या हाती असा प्रकल्प असेल तर सगळा एकदम उलथून टाकू नका. पूल उघडणारी ओळ किती ठिकाणी आहे आणि मिटवणारी किती ठिकाणी, एवढे आज शोधा. मग जे मॉड्यूल बाहेरच्या माणसाला मेसेज, ईमेल किंवा पैसे पाठवते, ते सगळ्यांत आधी हातात घ्या.